संशयाची किंमत कोणी द्यावी?

(शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय २२)

ज्याचे आपल्याशी वाकडे आहे असा मनुष्य रात्री दुसऱ्या शेजाऱ्याच्या ओसरीवर बसलेला दिसला, तर आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो? ते दोघे पाऊसपाण्याविषयी बोलत असतील, असा तो विचार नसतो. आपल्याविरुद्ध काही शिजत आहे, असेच वाटते. जे गावात घडते तेच राष्ट्राराष्ट्रांत घडते. दोन सत्ता एकमेकींशी बोलू लागल्या की तिसरीची झोप उडते. त्यांनी काय ठरविले? कोणाविरुद्ध ठरविले? जगास दाखविलेला लेख तेवढाच खरा, की त्याच्या आत निराळी चिठ्ठी आहे? लढाईच्या दिवसांत हे भय शतपट वाढते, कारण तेव्हा एका चुकीने प्राणांशी गाठ पडते. खरे काय ते कळण्याचा मार्ग नाही, आणि स्वस्थ बसवतही नाही, अशा वेळी देवास भिणाऱ्या मनुष्याने व राज्याने कसे वागावे? वर्तमानपत्रे ह्यास मुत्सद्देगिरीचा प्रश्न म्हणतात. परंतु खोट्या साक्षीस मनाई करणारी नववी आज्ञा ज्यांनी लहानपणी पाठ केली आहे, त्यांनी हा नीतीचा प्रश्न आहे हे ओळखले पाहिजे.

ह्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस परदेशी जावयास नको. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ते घडले आहे.

फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईनंतर छत्रपति प्रतापसिंह महाराज पेशव्यांच्या छावणीतून इंग्रजांच्या हाती आले, आणि त्याच वर्षी एल्फिन्स्टन साहेबांनी त्यांस साताऱ्याच्या गादीवर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकार व महाराज ह्यांच्यामध्ये तह झाला. उत्तरेस नीरा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, असा तो मुलूख होता. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे वाळवे व खानापूर हे भाग त्यात होते, आणि जतची जहागीरही साताऱ्याच्या छत्राखाली होती. ह्या तहात एक कलम सर्वांहून कडक होते. राज्याबाहेरील कोणत्याही सत्तेशी, सरदाराशी अथवा कारभाऱ्याशी महाराजांनी परभारे व्यवहार ठेवू नये. हे कलम म्हणजे तहाचा पायाच होय, असे तहातच लिहून ठेविले होते.

महाराजांनी राज्य चांगले चालविले, ह्याविषयी वाद नाही. त्यांनी रस्ते बांधिले, शहरात पाणी खेळविले, शाळा व छापखाना काढिला. साताऱ्याच्या ज्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली, तिला आज त्यांचेच नाव आहे, आणि त्याच शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर ह्या बालकाचे नाव चढले. विलायतेतील कंपनीच्या संचालकांनी १८३५ साली महाराजांच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र व एक मूल्यवान तलवार त्यांस देण्याचे ठरविले. परंतु ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही. ती येण्यापूर्वी संशय आला.

संशय तीन प्रकारचा होता. महाराज कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांस फितवीत आहेत, असा पहिला. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले ह्यांच्याशी ते संधान बांधीत आहेत, असा दुसरा. आणि गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशी त्यांचा गुप्त करारमदार चालला असून पोर्तुगालाहून फौज आणून इंग्रजांस हाकलून लावण्याचा बेत आहे, असा तिसरा. जहागिरींवर कोणाचा अधिकार ह्याविषयी महाराज व मुंबई सरकार ह्यांच्यात आधीच कुरबूर होती. जेथे कुरबूर असते तेथे संशयास उबदार जागा मिळते.

हा संशय अगदी हवेतून आला, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्या दिवसांत इंग्रजांच्या मनावर एका मोठ्या भयाचे ओझे होते. रशियाचा वकील विटकेविच १८३७ च्या अखेरीस काबूलास पोहोचला होता, आणि इराणच्या शहाने रशियाच्या उत्तेजनाने हेरातेस वेढा घातला होता. रशिया, इराण व काबूलचा अमीर दोस्त महंमद ह्यांचा आतून काही करार झाला आहे काय, ह्या एका प्रश्नाने सिमल्याचे व लंडनचे मुत्सद्दी बेचैन झाले होते. वायव्येस असे भय असता साताऱ्याचा राजा गोव्याशी बोलतो, ही वार्ता एरवी हसण्यावारी गेली असती, ती आता खरी वाटू लागली. मनुष्याचे मन असेच आहे. एका दारावर चोर आल्याची हूल उठली की घराच्या प्रत्येक दारावर त्यास पावले ऐकू येतात.

आता चौकशी कशी झाली ते पाहा. १८३६ साली साताऱ्यास एक कमिशन बसले. महाराजांस थोडा वेळ समोर बोलाविण्यात आले, परंतु साक्षीदारांच्या जबान्यांच्या नकला त्यांनी मागितल्या त्या त्यांस मिळाल्या नाहीत. गोव्याच्या आरोपाविषयी तर त्यांच्या समक्ष चौकशी झालीच नाही. कैदेत ठेवलेल्या माणसांच्या जबान्या घेण्यात आल्या. महाराजांच्या दिवाणाच्या आईच्या नावाने एक अर्ज आला, आणि तो तिचा नसून दुसऱ्याच कोणी लिहिला होता, असे पुढे निघाले. शिक्के असलेली पत्रे पुढे आली, पण ते शिक्के खरे की बनावट, हे ज्याचे शिक्के त्यास कोणी विचारिले नाही. आणि ज्या गोव्याच्या बळावर हे सर्व व्हावयाचे होते, त्या गोव्याची स्थिती काय होती? पोर्तुगालात १८३४ पर्यंत भावाभावांत लढाई चालली होती, आणि १८३५ साली गोव्यातच बंडाळी होऊन नेमलेला अधिकारी हाकलून दिला गेला होता. ज्याच्या स्वतःच्या घराचे वासे ढिले झाले आहेत तो दुसऱ्याचे घर काय उभारणार?

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेविला. महाराजांकडून तहाचा भंग झाला, परंतु सरकार तो पोटात घालीत आहे, अशा अर्थाचा तो कागद होता. त्यावर सही केली तर गादी राहणार होती. महाराजांनी सही केली नाही. जे आपण केले नाही ते केले असे लिहून देऊन राज्य राखण्यास ते तयार झाले नाहीत. सप्टेंबरच्या आरंभी एका रात्री वाड्यास वेढा पडला. महाराजांस प्रथम साताऱ्याजवळ नजरकैदेत ठेविले व मग काशीस पाठविले. तेथेच ऑक्टोबर १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागी बसविलेले बंधु शहाजी राजे एप्रिल १८४८ मध्ये वारले. त्यांचे दत्तविधान डलहौसी साहेबांनी मान्य केले नाही, आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

ख्रिस्ती वाचकांनी ह्यापुढील गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. ही चौकशी ज्यांच्या अमदानीत सुरू झाली ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे दुष्ट मनुष्य नव्हते. ते भक्तिमान ख्रिस्ती होते. त्यांनी रचिलेले एक गीत इंग्रजी मंडळ्यांत आजही गायिले जाते. ह्यावरून आपण काय शिकावे? प्रार्थना करणाऱ्याचे मनही भयाने व्यापले म्हणजे आपण न्याय करीत आहो असे समजून तो अन्याय करू शकतो. भक्तीने संशय आपोआप धुतला जात नाही. कारण संशय पापाचा वेष घेऊन येत नाही. तो कर्तव्याचा वेष घेऊन येतो. पहारेकऱ्याचा काठी-कंदील हातात घेऊन तो दारात उभा राहतो, म्हणून आपण त्यास आत घेतो.

परंतु दुसरी बाजूही देवाने उभी केली होती. आरंभी त्या कमिशनात बसलेला रेसिडेंट लॉडविक ह्यानेच पुढे विलायतेत महाराजांच्या वतीने तोंड उघडिले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले जॉर्ज टॉम्सन व पार्लमेंटातील जोसेफ ह्यूम ह्यांनी, महाराजांचे म्हणणे ऐकून घ्या, एवढीच मागणी पुनःपुन्हा केली. महाराजांचे वकील रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनात त्याच एका मागणीसाठी खेटे घालीत राहिले. ती मान्य झाली नाही. ते रिकाम्या हाताने परत आले, आणि १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्यास बंडाच्या आरोपावरून ज्या १७ जणांस मारिले, त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही तो एक दिवस बोलणे सोडून देतो. संशयाने ज्या बंडाची कल्पना केली होती ते बंड संशयानेच पुढे पिकविले, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही.

वायव्येकडील संशयाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर १८३८ रोजी सिमल्याहून काबूलावर स्वारीचा जाहीरनामा निघाला. वास्तविक इराणच्या शहाने सप्टेंबरातच हेरातेचा वेढा उठविला होता, आणि रशियाने आपल्या वकिलास पुढे नाकारले. भयाचे कारण नाहीसे झाले, तरी भयाने निघालेले सैन्य थांबले नाही. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. दोस्त महंमदास काढून दुसरा अमीर बसविला. जानेवारी १८४२ मध्ये काबूलाहून परत निघालेली सुमारे १६,००० माणसे, बाजारबुणग्यांसुद्धा, बर्फात व खिंडीत जवळजवळ सर्व नाहीशी झाली. आणि १८४३ साली तोच दोस्त महंमद पुन्हा काबूलच्या गादीवर बसला. एवढे प्राण देऊन जे मिळविले ते एवढेच, की पहिला मनुष्य पहिल्या जागी आला.

येथे कोणी विचारील, "पाळकसाहेब, आपण संशयाची निंदा करिता, पण गुप्त करार खरोखर होतात की नाही?" होतात. साताऱ्याच्या त्या ऑगस्टानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २३ ऑगस्ट १९३९ रोजी, मॉस्को येथे जर्मनी व रशिया ह्यांनी करार केला. त्या वेळी इंग्लंड व फ्रान्स ह्यांचे लष्करी वकील त्याच शहरात रशियाशी बोलणी करण्यासाठी आलेले होते! एकमेकांवर हल्ला करावयाचा नाही, एवढेच जगास सांगितले गेले. आतल्या चिठ्ठीत पोलंडाचे दोन वाटे केले होते, आणि एस्टोनिया, लाटविया, लिथुएनिया ह्या लहान देशांचीही वाटणी पुढे तशीच झाली. १ सप्टेंबरास जर्मनीने व १७ सप्टेंबरास रशियाने पोलंडात सैन्य घातले. अशी चिठ्ठी होतीच, हे रशियाच्या सरकाराने १९८९ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी मान्य केले. आणि २२ जून १९४१ रोजी जर्मनीने तो करार मोडून रशियावरच चाल केली, तेव्हा आधी आलेल्या सूचनांवर स्टालिनचा विश्वास बसला नव्हता.

म्हणजे १८३९ साली संशय घेणारे चुकले, आणि १९४१ साली संशय न घेणारे चुकले. मग मनुष्याने करावे तरी काय? संशय घ्यावा की न घ्यावा?

माझ्या समजुतीप्रमाणे प्रश्न असा मांडणेच बरोबर नाही. संशय येणे हे पाप नव्हे. तो ताप येण्यासारखा आहे. पाप संशय आल्यावर आपण जे करितो त्यात आहे. संशयाने आपणांस दोन गोष्टींचा अधिकार येतो, जपून राहण्याचा व विचारण्याचा. तिसऱ्या गोष्टीचा, म्हणजे शिक्षा देण्याचा, अधिकार संशयाने कधीच येत नाही. तो केवळ सत्य कळल्याने येतो.

नहेम्याचे पुस्तक उघडून पाहा. यरुशलेमेभोवती शत्रू कट करीत आहेत असे त्यास कळले. त्याने काय केले? पहारे बसविले, एका हाती काम व एका हाती शस्त्र अशी माणसे उभी केली, आणि कोट पुरा केला. त्याने भिंत बांधिली ती आपल्या हद्दीत. शेजाऱ्याच्या घरावर तो चालून गेला नाही. आणि आश्चर्य हे, की तो यहूद्यांचा राजा होऊन बंड करणार आहे, असा बोभाटा त्याच्याच विरुद्ध त्याच शत्रूंनी उठविला (नहेम्या, अध्याय ६). जपणे म्हणजे भिंत बांधणे. ते ज्यास साधते त्यास मारण्याची घाई होत नाही.

विचारण्याविषयी तर आमचे शास्त्र फार स्पष्ट आहे. एका साक्षीवरून कोणास दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन साक्षी असाव्या, आणि न्यायाधीशांनी कसून शोध करावा, असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद, अध्याय १९). मनुष्याचे ऐकून घेतल्यावाचून त्याचा न्याय करणे आपल्या नियमात बसते काय, असे भर सभेत विचारणारा निकदेम एकटाच होता (योहान, अध्याय ७). आणि ऐकून न घेतल्याने काय होते हे नाबोथाच्या मळ्यात दिसून आले. राजाच्या शिक्क्याची पत्रे गेली, दोन अधम साक्षीदार बसविले गेले, गावच्या वडील मंडळींनी मान डोलाविली, आणि निरपराधी मनुष्य धोंडमार करून मारिला गेला (१ राजे, अध्याय २१). तेथे शिक्का खरा होता व साक्ष खोटी होती. शिक्का पाहून न्याय होत नाही, हे तेव्हाचे सत्य आजही सत्य आहे.

परंतु आणखी एक पायरी उरते, आणि तीच सर्वांत कठीण आहे. जपलो, विचारिले, शोध केला, तरीही खरे काय ते कळले नाही, तर? अशा वेळी कोणास तरी धोका पत्करावा लागतो. संशयिताची गय करावी तर आपणांस अपाय होईल. त्यास शिक्षा द्यावी तर कदाचित निरपराध्याचा नाश होईल. म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत कोणी तरी द्यावयाची आहे. ती कोणी द्यावी?

जगाची रीत अशी, की ती किंमत दुर्बळाने द्यावी. १८३९ साली कंपनीची सत्ता अशी होती, की सातारा व गोवा एकत्र झाले असते तरी तिच्या केसास धक्का लागला नसता. महाराजांची गय केली असती, तर तिला फार तर एक जादा पलटण साताऱ्यास ठेवावी लागली असती. उलट न केल्याने महाराजांचे सर्वस्व गेले. १९३९ सालीही दोन बलाढ्य सत्तांनी एकमेकींविषयीच्या संशयाचे मोल पोलंडासारख्यांच्या पदरातून चुकते केले. आणि मोठ्यांच्या करारांची व संशयांची किंमत देणारे आणखीही असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावास लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान परत आले नाहीत. यूरोपच्या कोणत्या दरबारात कोणता गुप्त लेख झाला, हे त्यांच्या आयांस कोणी सांगितले नव्हते.

ख्रिस्ताची रीत निराळी आहे. ज्याच्यापाशी बळ अधिक आहे त्याने धोका अधिक घ्यावा. बळकटांनी दुर्बळांचा भार वाहावा, असे पौल प्रेषित रोम येथील मंडळीस लिहितो, तेव्हा अज्ञानाचा भार त्यातून वगळिलेला नाही.

ह्याचा नमुना यहोशवाच्या पुस्तकात आहे, म्हणूनच तो पाठ मी आरंभी दिला. यार्देनेच्या पलीकडे राहण्यास गेलेल्या रऊबेन, गाद व अर्धा मनश्शे ह्या वंशांनी नदीकाठी एक मोठी वेदी बांधिली. अलीकडील वंशांस वाटले, हे परक्या देवाशी सूत जुळवून फुटले. सर्व मंडळी लढाईसाठी शिलो येथे जमली. परंतु तरवार उपसण्यापूर्वी त्यांनी फिनहास व दहा सरदार पाठविले. हा फिनहास कोण? पौराच्या प्रकरणात ज्याने स्वतः भाला चालविला होता तो. ज्याच्या धर्मनिष्ठेविषयी कोणास शंका येणार नाही असाच मनुष्य त्यांनी विचारावयास पाठविला, हे किती शहाणपणाचे झाले! आणि त्याने तेथे जाऊन काय सांगितले? त्याने दोष बोलून दाखविला, काही लपविले नाही. परंतु त्याबरोबर असेही म्हटले, की तुमची जमीन तुम्हांस अशुद्ध वाटत असेल तर अलीकडे या, आमच्या वतनात तुम्हांस वाटा देऊ. वाचकहो, हे वाक्य आपण वाचून पुढे जातो. लढावयास निघालेले लोक आधी आपल्या जमिनीचा वाटा देऊ करितात! शिक्षेच्या आधी स्वतःच्या खिशात हात घालितात!

मग उत्तर काय मिळाले? त्या वंशांनी वेदी बंडासाठी बांधिली नव्हती. त्यांस भय होते, की नदी मध्ये आहे म्हणून एके दिवशी तुमची मुले आमच्या मुलांस परकी म्हणतील. ज्यास अलीकडले लोक फितुरी समजले ते पलीकडल्यांचे तुटण्याचे भय होते. दोन्ही तीरांवर भयच होते. विचारिले नसते तर भावाने भावास मारिले असते. आणि संशयितांचेही वर्तन पाहा. आमच्यावर संशय घेतलाच कसा, म्हणून ते रुसून बसले नाहीत. त्यांनी सर्व काही मोकळेपणाने सांगितले. संशय घेणाऱ्याचे जसे कर्तव्य आहे, तसे ज्याच्यावर संशय आला त्याचेही आहे, की त्याने आपला व्यवहार उजेडात ठेवावा. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन ह्यांस कंपनीची फौजी चाकरी करणे नको होते. त्यांनी ते उघड सांगितले आणि चाकरीच्या बदली मुलूख तोडून दिला. नाही म्हणावयाचे ते उघड म्हणून त्याची किंमत स्वतः मोजली, म्हणजे कोणास चिठ्ठ्या हुडकाव्या लागत नाहीत. आणि प्रतापसिंह महाराजांनी खोट्या कबुलीवर सही केली नाही, ह्यातही आपणांस धडा आहे. खरे बोलून गादी जाते, तर ती जावी.

आता मंडळीकडे वळू. आपल्या हाती राज्ये नाहीत, पण संशय आहेत. मंडळीच्या पंचांपैकी एक जण दुसऱ्या पक्षाच्या घरी जेवला, की तो फुटला असे ठरते. दोघे मिळून तालुक्याच्या कचेरीत गेले, की मंडळीच्या जमिनीचा सौदा झाला असे ठरते. ग्रामपंचायतीची निवडणूक आली, म्हणजे कोण कोणाशी आतून मिळाला ह्याच्या याद्या उपासनेच्या दारातच तयार होतात. मग कोणाचे भाकरीचे ताट बंद होते, कोणाच्या लग्नास कोणी जात नाही, कोणाचा प्रभुभोजनाचा हक्क काढून घ्या असा आग्रह पाळकाकडे येतो. त्या मनुष्यास विचारिले काय, असे म्हणावे तर उत्तर मिळते, "त्यास काय विचारावयाचे? सगळ्या गावास ठाऊक आहे!" साताऱ्याच्या कमिशनासही सगळे ठाऊक होते.

म्हणून गावोगावच्या पंचांस व उपदेशक बंधूंस माझी विनंती आहे. संशय आला तर तो पोटात कुजू देऊ नका, आणि चव्हाट्यावरही मांडू नका. मंडळीत ज्याच्या शब्दास मान आहे असा फिनहास निवडा. त्याने त्या भावाच्या घरी जावे, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेल्या पायऱ्यांनी जावे, आणि केवळ दोष घेऊन न जाता काही देऊ करावयासही घेऊन जावे. हिशेब, दप्तर व जमिनीचे कागद सर्वांस पाहावयास मोकळे ठेवा, म्हणजे विश्वास व पहारा एकाच घरात सुखाने राहतील. आणि इतके करूनही काही कळले नाही, तर घर ज्याचे मोठे, माणसे ज्याची अधिक, शब्द ज्याचा वजनदार, त्याने थोडे नुकसान सोसावे. विधवेने, परगावाहून आलेल्या कुटुंबाने, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याने ते सोसावे, अशी वेळ आणू नका.

आपल्या प्रभूवर जे आरोपपत्र ठेवण्यात आले ते कोणते होते, ह्याची आठवण ठेवा. हा लोकांस फितवितो, कैसरास कर देण्यास मना करितो, स्वतःस राजा म्हणवितो, हा राजद्रोहाचाच आरोप होता. पिलाताने विचारिले, त्यास दोष आढळला नाही, हे त्याने बोलूनही दाखविले. परंतु ह्यास सोडिले तर कैसराच्या मनात आपणांविषयी संशय येईल, हे भय त्यास शिवले, आणि आपल्या भयाची किंमत त्याने एका निरपराध्याकडून वसूल केली. त्या निरपराध्याने ती दिली. त्यास बळ नव्हते म्हणून नव्हे. स्वर्गातील सर्व सैन्ये ज्याच्या हाकेच्या अंतरावर होती, त्या सर्वांहून बलिष्ठाने ती स्वतः होऊन दिली. ज्यांच्यासाठी ती दिली गेली त्या आपण, आपल्या संशयाचे देणे दुसऱ्याच्या दारी वसूल करावयास जाण्यापूर्वी, वधस्तंभाखाली क्षणभर उभे राहू या.